न लागलेल्या आगीची रंगीत तालीम

परीक्षा आपल्या चाळीत होणार आणि परीक्षक स्वतः येणार, असं चंद्रप्रकाशने सांगितलं तेव्हा रत्नप्रभाबाईंच्या मनात पहिला विचार आला तो चहाबरोबर काय द्यायचं याचा. परीक्षेचा विचार दुसरा. हा क्रम उलटा असता तर पुढचं बरंच काही टळलं असतं. पण माणूस कुठल्याही कामासाठी दारात आला तरी आधी तो पाहुणा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. यमदूत आला असता तरी त्यांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला असता आणि म्हणाल्या असत्या, बसा, हे येतीलच एवढ्यात.

"परीक्षा कसली रे पण?" त्यांनी विचारलं.

"आगीची," चंद्रप्रकाश म्हणाला.

मालाडला, मार्वे रोडच्या आतल्या अंगाला, 'जयवंत निवास' नावाची दोन मजली चाळ होती. लाकडी जिना एकच, प्रत्येक मजल्याला लांब गॅलरी, आणि खाली बदामाचं झाड असलेलं अंगण. परुळेकरांची खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. त्यामुळे चाळीत कोण कधी आलं, कोण काय घेऊन आलं आणि कोण तोंड लपवून आलं, हे रत्नप्रभाबाईंना भाजी निवडता निवडता समजे. साल असेल शहाऐंशीचं. सीतारामपंतांची गिरणी संपात गेली ती गेलीच, आणि आता ते गोरेगावच्या एका साबणाच्या कारखान्यात हजेरी घेत. दिवसभर माणसं वेळेवर आली की नाही हे बघून बघून त्यांना घरीही तेच दिसे. एकुलता एक चंद्रप्रकाश त्यांच्या हिशोबी दोन वर्षं उशिरा चालला होता, कारण बी. कॉम.च्या परीक्षेत तो दोनदा आडवा झाला होता.

मग त्याने कुठूनशी जाहिरात आणली. अंधेरीला टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत एक कॉलेज होतं. तिथे वर्षभर आगीचं शास्त्र शिकवत आणि पास झालेल्यांची नावं अग्निशमन दलाच्या भरतीसाठी पाठवत. सीतारामपंतांनी फी भरली, पण अट घालून. "हे शेवटचं. इथेही दिवे लावलेस तर मे महिन्यात वेंगुर्ला. मामाच्या काजूच्या कारखान्यात."

चंद्रप्रकाशला या धमकीचं फारसं काही वाटलं नाही. धसका घेतला तो रत्नप्रभाबाईंनी. आपल्या भावाला त्या पुरत्या ओळखून होत्या. त्याच्या हाती एकदा काजू लागला की तो परत मिळत नाही, मग भाचा कुठला मिळायला. एकच मुलगा, तोही गणपतीपुरता दिसणार. तेव्हा चंद्रप्रकाशने आगीत पास होणं ही त्याच्यापेक्षा त्यांचीच गरज होऊन बसली.

कॉलेज सुरू झालं तसा मुलगा घरात असह्य झाला. "आई, आग तीन गोष्टींवर जगते. जळण, हवा आणि उष्णता. तिन्हींतली एक काढून घेतली की ती मरते."

"आपल्या घरात चौथीपण आहे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "तुझे बाबा. त्यांना काढून घेऊन बघ जरा चहाच्या वेळी."

त्याने देव्हाऱ्यातलं निरांजन पडद्यापासून हातभर लांब सरकवलं. बापाच्या विडीकडे तो पोलिसासारखा बघू लागला. फोडणी देताना आईच्या पाठीशी उभा राहून तो तेलाचं तापमान सांगे, आणि फोडणीला बसलेल्या बाईच्या पाठीशी उभं राहणं किती धोक्याचं असतं, हे त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तरी पण त्या गप्प राहिल्या. पोरगं पुस्तक उघडून बसतंय, तेही आपण होऊन, हे त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं.

तर परीक्षा अशी होती. प्रत्येक विद्यार्थ्याने एक राहती इमारत निवडायची. घंटा वाजली की सगळे रहिवासी तीन मिनिटांत, रिकाम्या हातांनी, न ओरडता, जिन्यावर न रेटता खाली अंगणात. शिवाय एक जखमी माणूस उचलून आणायचा. परीक्षक घड्याळ घेऊन उभे राहणार. पास की नापास, ते तिथल्या तिथे.

"आणि आग?"

"आग नसते आई. लागली असं समजायचं."

"मग सोपं आहे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यभर बऱ्याच गोष्टी आहेत असं समजूनच संसार केला होता.

सोपं नव्हतं. पहिल्यांदा परवानगी. शेजारचे भीमराज गाडे महापालिकेच्या पाणीखात्यात होते. चाळीतल्या लोकांचे अर्ज त्यांच्याच हातचे, आणि त्यांच्या भाषेला सरकारी कागदाचा वास असे. त्यांनी अर्ज लिहिला, 'रहिवाशांना भयभीत न करता आग लागल्याचे भासविण्यास अनुमती मिळणेबाबत.' तो घेऊन ते, चंद्रप्रकाश आणि नको म्हटलं तरी रत्नप्रभाबाई, असे तिघे पोलीस चौकीवर गेले.

"आग किती वाजता लागणार?" टेबलामागच्या साहेबांनी विचारलं.

"लागणार नाही साहेब," भीमराज म्हणाले.

"म्हणजे लागली नसताना लागली म्हणून सांगणार. ही अफवा झाली."

"अफवा नाही, तालीम."

"लोकांना माहीत आहे, खोटी आहे म्हणून?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मग ते पळतील कशाला?"

या प्रश्नापुढे भीमराजांचं ज्ञान संपलं. साहेबांनी बराच वेळ शिक्का हातात धरून विचार केला आणि अर्जावर शेरा मारला, 'नाटकाची तालीम. हरकत नाही.' तो कागद महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नेला तर तिथल्या कारकुनाने विचारलं, नाटकाला तिकीट लावणार का. नाही म्हटल्यावर त्याला वाईटच वाटलं. "फुकट नाटकाला कोण येतं हो," असं म्हणून त्याने सही केली.

परवानगी मिळाली, आता माणसं. रत्नप्रभाबाई घरोघर फिरल्या. प्रत्येकाला सल्ला द्यायचा होता. वरच्या मजल्यावरची कुंदा म्हणाली, "अगं रत्ने, तीन मिनिटांत? मला पदर सावरायला तीन मिनिटं लागतात. आणि मी काय म्हणते, परीक्षकाला आधीच घरी जेवायला बोलाव ना. एकदा मीठ खाल्लं की नापास करताना हात जड होतो."

कोपऱ्यातले धोंडूकाका, चाळीतले सगळ्यात वयस्क, म्हणाले, "आगीचा नाव घेवच्या आधी गाऱ्हाणा घालूक होया." धोंडूकाकांचं गाऱ्हाणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. देवापुढे उभं राहून एकेक मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते एकदा सुरू झालं की मधे कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. दहीहंडीला, नव्या नळाला, चाळीत टीव्ही आला तेव्हा, सगळ्याला त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं. त्यांची पितळी घंटाही तेवढीच नामांकित. गावचं घर भावकीत अडकल्यापासून त्यांचा गणपती मालाडलाच बसे आणि त्याच्या आरतीची घंटा रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जाई. तीच घंटा आगीसाठी मागून घेतली.

जखमी माणूस कोण होणार, यावर मात्र अडलं. जिवंतपणी दुसऱ्याच्या खांद्यावरून जिना उतरायला कोकणातलं एकही माणूस तयार होईना. शेवटी भीमराजांची आई, सुंदराबाई, खाटेवरून म्हणाली, "मला न्ये रं बाबा. गुडघ्यापायी वरीस झालं, म्या खाली उतारली न्हाई. त्या बदामाखाली जरा बसू दे, मंग कर काय करायचं त्ये."

पहिली तालीम एका रविवारी झाली. चंद्रप्रकाशने घंटा वाजवली. आणि जयवंत निवास खाली आलं, पण एकटं नाही आलं. भीमराज पुढे होते, खांद्यावर गॅसचा सिलिंडर. आठ वर्षं नंबर लावून मिळालेला सिलिंडर, तो आगीत कोण ठेवील. त्यांच्या मागे कुंदा, काखेत लोणच्याची बरणी आणि डोक्यावर शिलाई मशीन, पदर अजून सावरायचा होता. सीतारामपंतांच्या हातात रेडिओ, त्याची वायर पायात. धोंडूकाकांनी देव आणले. त्या मागोमाग गाद्या, हंडे, एक सायकल, जी मुळात खालीच होती आणि गडबडीत कुणीतरी वर नेऊन परत खाली आणली. आणि सर्वांत शेवटी, जिना अडवून, खुद्द रत्नप्रभाबाई. एका हातात रेशनकार्ड, दुसऱ्या हातात चांदीचा करंडा, पोटाशी लग्नातला शालू, आणि दातांत किल्ल्या.

अंगण भरलं तेव्हा वरून हाक आली.

"झाली का रं आग?"

सुंदराबाई खाटेवरच होती. तिला सोडून जयवंत निवासातली प्रत्येक वस्तू वाचली होती.

चंद्रप्रकाश जिन्याच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसला. मग उठला आणि म्हणाला, "हे बघा. आग लागली की वस्तूचा विचार करायचा नाही. हात रिकामे. चालू असेल ते काम तिथेच सोडायचं, हातातलं आहे तिथे ठेवायचं, मागे वळायचं नाही, वस्तूला हात लावायचा नाही, सरळ खाली यायचं. एवढं एकच लक्षात ठेवा."

लोकांनी माना डोलावल्या आणि सिलिंडर वर नेला.

पण रत्नप्रभाबाईंना त्या रात्री झोप आली नाही. सीतारामपंत जेवताना एवढंच म्हणाले होते, "वेंगुर्ल्याची एस.टी. सकाळची बरी." कूस बदलत त्यांनी स्वतःशी ठरवलं, पोराची परीक्षा आहे ना, मग चाळीला शिस्त लागली पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्यांनी चंद्रप्रकाशची शिट्टी मागून घेतली, मंगळसूत्रासारखी गळ्यात घातली, आणि स्वतःला मजल्याची प्रमुख नेमलं. दोन आठवडे जयवंत निवासात दुसरा विषय नव्हता. नळावर, गॅलरीत, वाण्याकडे, जिथे बाई भेटेल तिथे रत्नप्रभाबाई विचारत, "कणीक मळतेयस आणि घंटा झाली. काय करशील?"

"हात धुवेन आणि निघेन."

"हात धुवेन नाही. तशीच निघशील."

"हाताला कणीक लागलेली?"

"हाताला कणीक लागलेली."

कुंदा म्हणाली, "रत्ने, तू हवालदार व्हायला हवी होतीस. उगाच परुळेकरांच्या गळ्यात पडलीस." पण ऐकलं सगळ्यांनी. दुसऱ्या तालमीला फक्त रेडिओ खाली आला आणि त्यावरून परुळेकर नवराबायकोत दोन दिवस अबोला झाला. तिसरीला कुणाच्याही हातात काहीही नव्हतं. या दोन्ही तालमी चंद्रप्रकाशने दुपारी चहाभांडी आटोपल्यावर, तास आधी सांगून घेतल्या होत्या, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक कुंडलिक दळवी सर हे कॉलेजचे प्राचार्य आणि दलातून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांच्या उजव्या भुवईचा अर्धा भाग कुठल्याशा गोदामाच्या आगीत राहून गेला होता, त्यामुळे ते जगाकडे अर्ध्या आश्चर्याने बघत. सर संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान कधीतरी येतील आणि घंटा स्वतः वाजवतील, एवढंच कळवलं होतं.

रत्नप्रभाबाईंनी हिशोब केला. सर येणार. आल्यावर वर येतील, बसतील, पाणी घेतील. मग चहा, बटाटेवडे. मग इकडचं तिकडचं, गाव कुठलं वगैरे. मग घंटा. जगाची रीतच ही. चार वाजून गेल्यावर त्यांनी कढईत तेल ओतलं.

चाळीतल्या बाकीच्या बायकाही जगातच राहत होत्या. रत्नाचे वडे सरांना आवडले नाहीत तर, म्हणून कुंदाने गुपचूप शिरा लावला. भीमराजांच्या बायकोने, नंदाने, सासूच्या सांगण्यावरून मटकीची उसळ टाकली. पलीकडच्या दोघीतिघींनी घावन्याचे तवे चढवले, एकीने भाताचा कुकर. एकमेकींना कुणी काही बोललं नाही. परीक्षा चंद्रप्रकाशची होती, पण स्वयंपाकघरांत वेगळीच लागली होती.

सर वर आले नाहीत. ते फाटकातून आत शिरले, बदामाच्या झाडाला टांगलेल्या घंटेपाशी गेले, खिशातून घड्याळ काढलं, आणि ठाण ठाण ठाण सुरू झालं.

रत्नप्रभाबाईंच्या हातात वड्याचा गोळा होता. तेल तापलेलं, पहिले चार वडे आत सोडलेले. दोन आठवडे चाळीला शिकवलेलं क्षणात आठवलं. चालू असेल ते काम तिथेच सोडायचं. वस्तूला हात लावायचा नाही. त्यांनी गोळा ओट्यावर ठेवला, बेसनाच्या हातांनी गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि बाहेर पडल्या.

आणि काय सांगावं, अशी चाळ त्यानंतर कुणी पाहिली नसेल. एका ओळीत, भिंतीच्या बाजूने, न बोलता माणसं उतरली. हात रिकामे. कुंदाच्या बोटांना तूप, नंदाच्या हाताला हळद, पण कुणी साधा पदरसुद्धा पुसायला थांबलं नाही. शेवटी चंद्रप्रकाश सुंदराबाईला पाठीवर घेऊन उतरला. "हळू रं, म्या काय पोतं हाय का," असं ती म्हणाली, पण खुशीत. पानाची चंचीसुद्धा तिने वर सोडली होती.

दळवी सरांनी घड्याळ थांबवलं. "दोन मिनिटं चाळीस," ते म्हणाले, आणि त्यांची पूर्ण असलेली भुवईही वर गेली.

सीतारामपंतांनी रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत वेंगुर्ला नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोकडे असं दोनदाच पाहिलं होतं, आणि पहिली वेळ अंतरपाट दूर झाला तेव्हाची. रत्नप्रभाबाई शिट्टी सरळ करून ताठ उभ्या राहिल्या.

सर मार्क देणार, एवढ्यात धोंडूकाका पुढे झाले. सगळं सुखरूप झालं, तर देवाला कळवायला नको का. त्यांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, बा गणपती म्हाराजा, आज ह्या लेकराची परीक्षा तुझ्या कृपेन पार पडली..."

"व्हय म्हाराजा," चाळ म्हणाली. सरांनीही टोपी काढली.

"ह्या वास्तूत जी काय इडापिडा असात ती दूर सागरापार धाड रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून धुराची एक बारीक रेघ बाहेर आली. दळवी सरांनी ती पाहिली आणि शेजारच्या भीमराजांना हळूच म्हणाले, "व्वा. धुराचीपण सोय केली आहे पोराने. एकदम खरं वाटतंय."

"पोरगं हुशार आहे साहेब," भीमराज म्हणाले.

चंद्रप्रकाशने धुराची सोय केलेली नव्हती. त्याने वर पाहिलं. त्याला वाटलं, कुणीतरी मदत म्हणून काहीतरी पेटवलं.

रत्नप्रभाबाईंना मात्र सगळं लख्ख कळलं. खिडकी आपली. तेल आपलं. वडे आपले. आता तोंड उघडायचं म्हणजे गाऱ्हाण्याच्या मधे बोलायचं, जे आजवर चाळीत कुणी केलं नव्हतं. ज्या बाईने दोन आठवडे सगळ्यांना शिस्त शिकवली, तिच्याच घरात आग लागली, हे साऱ्यांसमोर सांगायचं. आणि सर पोराला पास करणार, नेमक्या त्याच क्षणी. एक 'व्हय म्हाराजा' होईपर्यंत त्या गप्प राहिल्या. तेवढीच काय ती कमजोरी.

"काका, थांबा," त्या म्हणाल्या. "सर, तो धूर नाटकाचा नाही. माझी कढई आहे वर. खाली शेगडी चालू."

धोंडूकाकांचे हात जोडलेलेच राहिले. मग मागून कुंदाचा बारीक आवाज आला.

"माझा शिरा पण आहे."

"माझी उसळ," नंदा म्हणाली.

"तवा," आणखी कुणीतरी म्हणालं. "माझा पण." आणि त्यावर शेवटचा पुरावा म्हणून दुसऱ्या मजल्यावरून कुकरने लांबलचक शिट्टी दिली. रत्नप्रभाबाईंच्या गळ्यातल्या शिट्टीपेक्षा ती कितीतरी जोरदार होती.

आधी धावले ते सीतारामपंत. आपलं घर जळतंय म्हटल्यावर ते जिन्याखालची पाण्याची बादली उचलून वर सुटले. मागोमाग चंद्रप्रकाश, त्याच्यामागे सर, आणि मागे वळायचं नाही हा नियम विसरून रत्नप्रभाबाई. आत धुराने डोळे चुरचुरत होते. कढईतून हातभर ज्वाळा उठत होती, वडे कोळसा झाले होते. सीतारामपंतांनी बादली डोक्याच्या वर उचलली.

"बाबा, बादली खाली ठेवा."

तो आवाज चंद्रप्रकाशचा आहे हे रत्नप्रभाबाईंना क्षणभर कळलं नाही. त्या घरात सीतारामपंतांना असं कधी कुणी बोललं नव्हतं, कारखान्यातही नसेल. सीतारामपंतांनी मुलाकडे पाहिलं, आणि बादली खाली ठेवली. अगदी सावकाश, थेंबही न सांडता.

"जळत्या तेलावर पाणी टाकलं तर तेल उसळतं, आग छतापर्यंत जाते," असं म्हणत चंद्रप्रकाशने हात लांब करून आधी शेगडी बंद केली, कोपऱ्यातली कणकेची परात उचलली, कढईवर सरकवली आणि दाबून धरली. हवा तुटली. ज्वाळेने परातीच्या कडेने एकदोनदा जीभ बाहेर काढली आणि ती विझली. भिंतीवर एक काळा डाग राहिला, कॅलेंडरचा खालचा महिना जळाला. बाकी काही नाही. मग तो आणि सर खोलीखोलीतून फिरले, शेगड्या आणि स्टोव्ह बंद करत. शिरा तळाला लागला होता. उसळ ठीक होती.

सगळे पुन्हा अंगणात जमले. रत्नप्रभाबाईंना वर तोंड करवेना. हाताचं बेसन वाळून तडकलं होतं.

दळवी सर म्हणाले, "तालीम नापास. इतक्या शेगड्या पेटत्या ठेवून इमारत रिकामी करणं म्हणजे आगीला घर मोकळं करून देणं." ते चंद्रप्रकाशकडे वळले. "परुळेकर, चूक कोणाची?"

रत्नप्रभाबाई पुढे झाल्या. "सर, माझी. मीच तेल..."

"आई, थांब," चंद्रप्रकाश म्हणाला. "सर, चूक माझी. सगळं आहे तसं सोडा, हे मी शिकवलं. आधी काय बंद करायचं, ते शिकवलं नाही. त्यांनी मी सांगितलं तस्संच केलं."

सरांनी घड्याळ पुन्हा बाहेर काढलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला ज्या पुस्तकातून शिकवतो, त्यात 'आधी शेगडी बंद करा' हे वाक्य नाही. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावी परीक्षकाला वडे घालत नसावेत." त्यांनी घड्याळाला पुन्हा किल्ली दिली. "पुन्हा घ्या. आत्ता. शेगड्या पेटवून."

त्या संध्याकाळी जयवंत निवास दुसऱ्यांदा रिकामं झालं. आधी शेगडी, मग जिना. सुंदराबाईला दुसरी फेरी फुकट मिळाली. वेळ पाच-सात सेकंदांनी जास्त लागला, तरी तीन मिनिटांच्या आतच. सरांनी मार्क लिहिले, ते कुणाला दाखवले नाहीत, पण सीतारामपंतांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाप बादली खाली ठेवतो, म्हणजे पोरगा अधिकारी झालाच."

मग ते वर आले, बसले, पाणी घेतलं. उरलेल्या सारणाचे वडे झाले, शिऱ्याचा वरचा थर निघाला, उसळ होतीच, घावनेही आले. सरांना प्रत्येक घरचं खावं लागलं, आणि रत्नप्रभाबाईंनी त्यांना गावही विचारलं. सर देवगडचे निघाले. म्हणजे कुंदाच्या म्हणण्याप्रमाणे ते घरचेच होते आणि एवढं सगळं करायची गरजच नव्हती.

चंद्रप्रकाश भरती झाला. वेंगुर्ल्याचा काजू वेंगुर्ल्याला राहिला. ऑगस्टात तो प्रशिक्षणाला गेला आणि चाळ पुन्हा आपल्या चालीवर आली, असं सगळ्यांना वाटलं.

सप्टेंबरात गणपती आले. चतुर्थीच्या दुपारी घरोघर मोदकपात्रं चढली होती. धोंडूकाकांच्या खोलीत मखर सजलं होतं, मूर्ती बसली होती. आरतीची वेळ झाली तशी काकांनी आपली पितळी घंटा हातात घेतली आणि वाजवली.

कुंदाने मोदकपात्राखालचा गॅस बंद केला. नंदाने भाताखालचा केला. रत्नप्रभाबाईंनी तर हातातला मोदक कळी पाडता पाडता तसाच ओट्यावर ठेवला. एका ओळीत, भिंतीच्या बाजूने, रिकाम्या हातांनी जयवंत निवास खाली उतरलं. भीमराजांच्या पाठीवर सुंदराबाई होती. सीतारामपंतांनी घड्याळ पाहिलं. "अडीच मिनिटं," ते समाधानाने म्हणाले.

मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. धोंडूकाकाही त्यांच्यात होते, हातात घंटा. हातात होती म्हणून तेवढी ती बरोबर आली होती, बाकी नियम त्यांनीही पाळला होता. वर मखरात एकटे गणपती बसले होते, आणि त्यांच्या पुढ्यात, सगळ्या चाळीभर, अर्धे कच्चे मोदक.

शेवटी धोंडूकाकांनी घंटा काखेत मारली आणि वर खोलीच्या दिशेने हात जोडले.

"बा गणपती म्हाराजा, तुका आत ठेवन आमी भायर इलाव, ह्येची क्षमा कर. पन गॅस बंद करून इलाव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," चाळ म्हणाली.

मग सगळ्यांनी रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराआडून शिट्टी काढली आणि आत जायची परवानगी दिली.